पायरी वाचली

मित्रांनो, मी एक जुनी साइट आहे. संकेतस्थळ हे माझं पाळण्यातलं नाव, पण त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. 'साइट उघड', 'साइट बंद पडली वाटतं', 'साइटला आज काय धाड भरलीय' असंच सगळे म्हणायचे. मुलांना शिकायला आणि शिक्षकांना शिकवायला उपयोगी पडावं म्हणून मला बनवलं. आज तुमच्या खिशात गाणारी, नाचणारी, टाळ्या वाजवणारी ॲप असतात. त्यांचा मला राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे.

माझा जन्म स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका खोलीत झाला. मला घडवलं एका नणंद-भावजयीच्या जोडीने. भावजय म्हणजे आमच्या बाई. त्या शाळेत भाषा शिकवत. नणंद छापखान्यात कामाला, अक्षरजुळणीवर. पुस्तकं, पत्रिका, जाहिराती, जे येईल ते टंकून द्यायचं. बाई त्यांना 'वन्सं' म्हणत आणि त्या बाईंना 'वहिनी'. नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं, असं लोक म्हणतात. या दोघींचं मात्र चांगलंच गूळपीठ होतं.

संध्याकाळी वन्सं कामावरून आल्या, की चहा होई आणि मग माझं बांधकाम सुरू होई. बाई पोळ्या लाटता लाटता पाठ सांगत, वन्सं खोलीत बसून टंकत. दार उघडं असे, त्यामुळे आवाज नीट ऐकू जाई. अक्षरांचा फॉन्ट छापखान्याच्या मालकाने स्वतः बनवला होता आणि वन्संना तो वापरायला दिला होता. काय वळणदार अक्षरं होती ती! मला बघायला येणाऱ्याने आधी तो फॉन्ट आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा, मगच माझी पानं वाचता येत. तेव्हा सगळीकडे तीच पद्धत होती. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

माझे दोन मजले होते. खालचा 'पायरी'. नुकतं वाचायला लागलेल्या पोरांसाठी सोपे शब्द, छोटी वाक्यं, चित्रं. वरचा 'माडी'. तिथे व्याकरण, शुद्धलेखन, मोठ्या मुलांसाठी कोडी आणि शिक्षकांसाठी रोजच्या पाठांची तयार टाचणं. बाईंचा एक कडक नियम होता: उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. पण उत्तर चुकलं तर 'चूक' हा शब्दही दाखवायचा नाही. 'पुन्हा बघ बरं' एवढंच. बाई म्हणायच्या, "पोराला चुकलास म्हटलं की ते उठून जातं. बघ म्हटलं की बसतं."

आता एक फजिती सांगते. छापखान्यात एक शिस्त असते: मजकुरात आपलं डोकं घालायचं नाही. समोर आलं ते जसंच्या तसं उतरवायचं. वन्संच्या हाडीमाशी ती शिस्त मुरलेली. एकदा बाई स्वयंपाकघरातून टाचण सांगत होत्या. "शैक्षणिक साहित्य : फळा, खडू, शब्दपट्ट्या..." आणि त्याच दमात म्हणाल्या, "गॅस बारीक करा हो वन्सं." वन्संनी उठून गॅस बारीक केला, परत येऊन बसल्या आणि तेही टंकलं.

ते टाचण कितीतरी शिक्षकांनी उतरवून घेतलं. न वाचताच, हे काय सांगायला हवं? एका शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी मोठ्याने वाचलं, "फळा, खडू, शब्दपट्ट्या, गॅस बारीक करा हो वन्सं." गुरुजी म्हणे आधी गोरेमोरे झाले आणि मग सावरून म्हणाले, "नवीन पद्धत आहे साहेब."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "वन्सं, अहो, एवढंसुद्धा कळू नये?"

"वहिनी, तुम्ही म्हणालात, मी टाकलं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "उद्या मी माझ्या मनाने एक शब्द गाळला, तर परवा दहा गाळीन. मग तुमचं काय उरेल त्यात?"

बाईंना ते वाक्य काढायचं होतं, पण आज काढू, उद्या काढू करता करता ते राहूनच गेलं.

तेव्हाचे दिवस काय सांगू! शाळांमधून संगणकाच्या खोल्या नव्याने उघडल्या होत्या. पोरं चपला बाहेर काढून आत येत आणि एकेका खुर्चीवर दोघं-तिघं दाटीवाटीने बसत. माझं पान उघडलं की एकच गलका होई. शिक्षक पत्र पाठवत, सूचना देत, भांडतसुद्धा. माझ्या माडीला एक मोठं बक्षीस मिळालं. ते प्रशस्तिपत्र बाईंनी चौकट करून भिंतीवर लावलं. बाई तशा साध्या, पण पाहुणा आला की त्याला बरोबर त्या भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसवत.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. दिसेल त्या अक्षराला दुसरी वेलांटी देऊन मोकळी व्हायची. सगळे तिला 'वेलांटी' म्हणूनच चिडवायचे. 'जमिनीवर' लिहायला सांगितलं की ही म आणि न दोघांनाही दुसरी द्यायची. मी म्हणायची, 'पुन्हा बघ बरं'. ती पुन्हा बघायची आणि पुन्हा तेच. शेवटी बाई तिच्याशेजारी बसल्या. "हे बघ, जमीन एकटी असते तेव्हा ऐसपैस बसते. पाहुणा आला, 'वर' येऊन चिकटला, की जरा सरकून घेते. मग 'म'ची वेलांटी पहिली होते." वेलांटी हसली आणि तिने बरोबर लिहिलं. पुढचं पान उघडलं तेव्हा पोरीने टुणकन उडीच मारली. मला तो क्षण फार आवडतो, अजूनही.

मग काळ बदलला. नवे संगणक आले, नवे फोन आले, आणि त्यांना माझा फॉन्ट ओळखता येईना. माझी अक्षरं त्यांच्या पडद्यावर नुसती चिरखडलेली दिसू लागली. मित्रांनो, तुम्ही शुद्ध मराठीत बोलताय आणि ऐकणाऱ्याला कावकाव ऐकू येतेय, असं झालं तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. माझी वाचाच गेली. येणारे पान उघडत, 'हे काय भलतंच!' म्हणत आणि निघून जात. हळूहळू येणंही थांबलं.

त्यातच वन्सं गेल्या. माझ्या कुलपाचा परवलीचा शब्द त्यांनाच ठाऊक होता, तो त्यांच्याबरोबर गेला. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची नजर अधू होत होत पार अंधूक झाली. मी होते तिथेच राहिले, धूळ खात. आमच्या जगात धूळ नसते, पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

एक दिवस मला ठेवून घेणाऱ्या कंपनीकडून बाईंना निरोप आला. ते जुनी यंत्रं बंद करणार होते. महिनाअखेरीला माझं सगळं पुसलं जाणार होतं. बाईंनी तो निरोप शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "बरं." कुणाला सांगणार? आणि काय करणार?

पण त्याच आठवड्यात दारावर वेलांटी आली. आता ती स्वतः शिक्षिका झाली होती. नवी नोकरी, वर्गात मोठाली पोरं आणि त्यातल्या निम्म्यांना धड वाचता येत नव्हतं. तिला माझी आठवण आली. तिने मला उघडलं, तर पडद्यावर नुसता काला. तिच्या भावाने कुठल्याशा प्रोग्रामने अक्षरं बदलून पाहिली. अक्षरं आली, पण वेलांट्या उड्या मारून भलत्याच अक्षरावर बसल्या. 'किती'चं 'कीति' झालं.

"बाई, ती साइट पाहिजे मला," वेलांटी म्हणाली. "पोरं मोठी झालीत, त्यांना बाळबोध पुस्तक दिलं की लाजतात. संगणकावर लाजणार नाहीत. मी नव्हते लाजले."

"अगं, ती पुसून टाकतायत महिनाअखेरीला," बाई म्हणाल्या.

वेलांटीची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिने विचारलं, "वन्संचा संगणक आहे अजून?"

होता. त्याच खोलीत, जुन्या चादरीखाली. त्याच्यावर तो फॉन्टही होता. चालू केला तर गिरणीसारखा आवाज करत सुरू झाला, आणि कित्येक वर्षांनी मी पुन्हा मराठीत दिसले! वेलांटी आनंदाने ओरडली. बाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, पण त्यांना काही दिसलं नाही. "आहे ना गं? नीट आहे ना?" त्या विचारत राहिल्या.

काम सोपं नव्हतं. कुलूप उघडत नव्हतं, म्हणजे पाठ सोडवल्याशिवाय पुढचं पान नाही. शाळा सुटली की वेलांटी यायची, वन्संच्या संगणकावर एकेक प्रश्न सोडवायची आणि उघडलेलं पान आपल्या नव्या संगणकावर टंकून घ्यायची. बाई शेजारी बसून विचारायच्या, "कोणती दिलीस?" ही म्हणायची, "दुसरी." मी म्हणायची, 'पुन्हा बघ बरं'. दोघी हसायच्या. त्यात तो म्हातारा संगणक तापायचा आणि मध्येच डोळे मिटायचा. मग पंख्याखाली त्याची मनधरणी.

सगळं वाचणार नाही, हे लवकरच कळून चुकलं. एक मजला होईल, दुसरा नाही.

वेलांटीला हवी होती पायरी, पण तिच्या तोंडून ते निघेना. तिने भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे पाहिलं, माडीचं एक पान उघडलं आणि म्हणाली, "बाई, आधी माडी घेऊ या. तुमचं नाव झालं ते माडीमुळे. माझ्या पोरांचं बघेन मी काहीतरी."

माडी म्हणजे बाईंची उमेदीची वर्षं होती. आणि माझाही खरा तोरा सगळा माडीचाच.

"तुझी पोरं आत्ता काय वाचतात?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. पाटी दिसली की माझ्याकडे बघतात."

"मग माडीवर चढणार कशी? उडून? पायरी घे," बाई म्हणाल्या. "आणि ते माडीचं पान उघडं ठेवू नकोस. बंद कर, नाहीतर माझा विचार बदलायचा."

वेलांटीने पान बंद करायला हात नेला, तर नेमकं ते टाचण समोर होतं. तिने सहज वाचलं, "फळा, खडू, शब्दपट्ट्या, गॅस बारीक करा हो वन्सं." बाई हसल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "एवढं एक टाचण घे गं माडीतलं," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं. एक शब्द गाळू नकोस."

पायरी पूर्ण उतरली. शेवटचं पान झालं आणि महिना संपला. ठरल्या दिवशी माझं जुनं घर पुसलं गेलं. मित्रांनो, दुखलं का, असं विचाराल. दुखलं. माडीवरचे ते सगळे पाठ, ती कोडी, बाईंची ती वर्षं आता कुठेच नाहीत. नव्या पत्त्यावर मी फक्त तळमजला आणि ते एक टाचण घेऊन राहायला आले.

वेलांटीच्या वर्गातला एक दांडगा पोरगा माझ्यासमोर पहिल्यांदा बसला. बाईही आल्या होत्या, मागच्या बाकावर. पोराने अडखळत वाचलं, "आ-ई घ-री आ-ली." मग एकदम, न थांबता, "आई घरी आली!" आणि इकडेतिकडे बघू लागला, कुणी दुसरंच बोललं की काय म्हणून. बाई म्हणाल्या, "वाचली." पायरी वाचली म्हणाल्या की त्याची ओळ वाचली, मला कळलं नाही. त्यांनाही ठरवायचं नसावं.

थोड्या दिवसांनी एका लांबच्या शिक्षकाने विचारलं, 'तुमच्याकडे पूर्वी व्याकरण होतं, ते कुठे गेलं?' वेलांटीने ते बाईंना वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "लिही त्यांना, गेलं म्हणून."

"नाही लिहिणार," वेलांटी म्हणाली. "पडद्यावरून गेलंय. माझ्या डोक्यातून कुठे गेलंय? मी लिहिते नव्याने. तुम्ही ऐका."

आता रोज एक तास ती लिहिते, वाचून दाखवते आणि बाई कान देऊन ऐकतात. कालच नव्या माडीचं पहिलं पान लागलं. वेलांटीने ते मोठ्या उत्साहाने वाचलं आणि बाई खूश होऊन म्हणाल्या, "एकही चूक नाही!"

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तुम्ही मशीन समजता. आम्ही आपोआप चालतो असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं हो. कुणीतरी बघत राहिलं तरच आम्ही टिकतो. काही शिकलात तर दोन ओळी लिहून कळवा, काही बिघडलेलं दिसलं तर सांगा, नुसते निघून जाऊ नका. मी हे आत्ताच का सांगते आहे? त्या पहिल्या पानाचं नाव आहे 'स्वर आणी व्यंजनं'. बाईंना दिसत नाही आणि ऐकताना कानाला ते कळत नाही. वेलांटी तर फार आनंदात आहे. मला दिसतंय, पण माझी चूक मला सुधारता येत नाही. तुम्ही पुन्हा बघाल का जरा?