सत्त्याण्णव राहिला होता

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव. फरश्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली. आज मान खाली घालून बोलते आहे, कारण एके काळी ती फार ताठ होती.

माझा जन्म भट्टीच्या दारात झाला. मालकांच्या घरातल्या धाकट्या सुनेने आठ महिने खपून दहा हजार फरश्या हाताने रंगवल्या. शंभर ओळी, ओळीत शंभर, असं शाळेचं अंगण ठरलं होतं. पण भट्टीत नऊ तडकल्या. उरले ती मी.

त्या घराचा दंडकच तसा. एका भट्टीचा माल एकाच चौकोनात बसवायचा. कापायचा नाही, उरवायचा नाही. जमलं नाही तर सगळ्याचा चुरा करून भरावात टाकायचा. शाळेने कळवलं, चौकोन लांबट असला तरी चालेल.

सासूबाई भागायला बसल्या. मला भागणारी जोडी असेल, तर त्यातली धाकटी शंभराच्या आतच सापडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. तिथेही फक्त मूळ संख्याच तपासायच्या, म्हणजे पंचवीस. दोन, तीन, पाच, सात करत एकोणनव्वदपर्यंत चोवीस झाल्या. दर वेळी बाकी उरली. कंबर भरून आली तशा त्या उठल्या.

"भागतच नाही मेली! मूळ संख्या आहे ही. एका ओळीत लावली तरच बसेल, आणि ते अंगण नाही, गल्ली होईल."

मूळ संख्येची खूण म्हणून माझ्याभोवती गोल काढला गेला. कामगार म्हणायचे, "काय खमकी आहे, कुणाला दाद देत नाही!" मी फुगले. अठरा पावलं मागे राहणारी नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर खरीखुरी मूळ. तिच्याकडे बघून मी नाक मुरडलं. माझ्या पोटात सत्त्याण्णव दडला होता, हे मला माहीत होतं. संख्येला तोंड नसतं म्हणा. पण असतं तरी मी उघडलं नसतं.

"आई, सत्त्याण्णवने बघितलंत का?" सुनेने विचारलं.

"तू मला भागाकार शिकवणार? आधी नखांतला रंग काढ. उद्या घण येतोय."

सुनेने जमिनीवर शंभराचा चौकोन आखला आणि एका कोपऱ्यातून तीन बाय तीनचा तुकडा पुसला.

"या नऊ फुटक्या. आता वरच्या तीन ओळी अपुऱ्या, सत्त्याण्णवच्या. त्या उचलून बाजूला उभ्या लावते. मोजा."

सत्त्याण्णव ओळी. प्रत्येकीत एकशे तीन. एकही फरशी उरली नाही.

सासूबाईंनी माझ्याभोवतीचा गोल तळहाताने पुसला. वर न बघता म्हणाल्या, "पहिली फरशी तू ठेव. आणि तो रंग राहू दे नखांत."

त्यांनी निदान तेवढं तरी म्हटलं. मी काय केलं? त्या अंगणात मुलं ओळी मोजत धावतात, तेव्हा मला अजून लपावंसं वाटतं. मित्रांनो, कुणावर शिक्का मारण्याआधी राहिलेला एक भागाकार करा. आणि कुणी हळू आवाजात "हे बघितलंत का?" विचारलं, तर त्याच्या नखांकडे बघू नका.