सुटकेची तारीख पडली, माणूस कुठाय?

मी फळा बोलतोय. काळा नव्हे हं! पांढरा, गुळगुळीत, रंगीत पेनांनी लिहायचा. कारखान्यात एका मोठ्या पत्र्यातून आम्ही भावंडं कापली गेलो आणि प्रत्येकाला ॲल्युमिनियमची चौकट मिळाली.

माझी पहिली नोकरी मोटार शिकवणाऱ्या शाळेत. तिथे माझ्यावर चौक आणि छोट्या छोट्या गाड्या काढत. शिकणारे शहाण्यासारखी मान डोलवत आणि बाहेर जाऊन खांबाला धडकत. पुढे ती शाळा बंद पडली. बराच काळ मी दाराआड तोंड भिंतीकडे करून उभा होतो. मग ताईंनी मला भंगाराच्या भावात घेतलं आणि छपाईच्या दुकानावरच्या खोलीत आणून टांगलं. खालच्या यंत्राच्या धडधडीने मला अजून गुदगुल्या होतात.

या खोलीत माणसं मोजतात. दुसऱ्या देशातून आलेल्या, कागदपत्रं पुरी नसलेल्या लोकांना सरकार स्थानबद्धता केंद्रांत ठेवतं. आत किती जण आहेत हे कळावं म्हणून दर पंधरवड्याला एक तक्ता जाहीर होतो. त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक. कोणाचा जन्म कधीचा, कोण कुठल्या केंद्रात कधी आत आला, कधी सुटला. ऐकायला सोपं, पण तक्ता असा की एखादा माणूस जन्माच्या आधीच आत गेलेला असतो, तर दुसरा एकाच दिवशी दोन केंद्रांत जेवलेला असतो.

म्हणून आत खरे किती जण असतील याचा ताई आणि सर अंदाज बांधतात. ताई संगणकावर बसतात. सर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक, ते माझ्यासमोर उभे राहून भांडतात. त्यांची एक रीत आहे. दोघांनी आणि या लोकांचा खटला लढवणाऱ्या वकीलबाईंनी आपापल्या रंगात आपापला आकडा माझ्यावर लिहायचा आणि त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे कोणी कोणाचं बघून लिहायला नको. मग तिन्ही तुकडे एकदम काढायचे. ज्याचा आकडा सगळ्यांत लांब, त्याने चहा करायचा.

"वकीलबाई, तुमचा चहा आता तोंडपाठ झाला," सर म्हणत.

"मग पीत जाऊ नका!"

खालच्या दुकानात वह्या शिवणाऱ्या काकू तक्ता आला की वर येत. त्यांचे यजमान आत होते. त्यांना साखरेचा आजार, रोज सुई घ्यावी लागे. त्यांचा क्रमांक काकूंनी चिठ्ठीवर लिहून ठेवला होता.

त्या दिवशी ताईंनी क्रमांक शोधला आणि खुर्चीतून उठल्याच. "काकू, सुटले! सुटकेची तारीख पडलीये, मागच्या आठवड्यातली!"

काकूंनी ताईंचे गाल धरले. मग थबकल्या. "मागच्या आठवड्यातली? मग घरी का नाही आले?"

"रस्ता लांबचा आहे," सर हळूच म्हणाले.

काकू दोन दिवस वाट बघून परत वर आल्या. "शर्ट इस्त्री करून ठेवलाय. दाराला कडीसुद्धा घालत नाही मी. ताई, तुमच्या तक्त्यातला माणूस सुटला. माझा कुठाय?"

ताईंनी केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आमच्याकडून गेला तो. खाट रिकामी दाखवायची तर संगणक सुटकेची तारीख मागतो. ती टाकली."

"पण गेला कुठे?"

"ते आमच्याकडे नसतं, बाई."

फोन ठेवून ताईंनी माझ्यावर चौकटी काढल्या, एकेका केंद्राची एकेक. "सर, एका केंद्रातून दुसऱ्यात हलवला तरी हे सुटकेचीच तारीख टाकतात. आणि दुसरीकडे नोंद व्हायला आठवडे लागतात. मधल्या काळात तो माणूस कुठल्याच आकड्यात नाही!"

दोघांनी जुने तक्ते काढले. शंभर सुटलेल्यांतले तिसेक क्रमांक नंतर दुसऱ्याच केंद्रात 'नवीन आलेले' म्हणून उगवत होते. म्हणजे आत्ता सुटलेल्यांतलेही तितके आतच असणार.

"आपणही त्यांना घरी पाठवून मोकळे झालो की," सर म्हणाले आणि स्वतःचा आकडा तळहातानेच पुसला.

पुन्हा तिघांनी झाकून लिहिलं. कागद काढले, तर तिन्ही आकडे खेटून उभे! चहा कोणी करायचा यावरून जुंपली.

"मी करते," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझा माणूस शोधा."

वकीलबाई कोर्टात जायला निघाल्या. "सर, एकच नक्की आकडा द्या."

"एक नाही, दोन देतो. खरा त्यांच्या मधे आहे."

"न्यायाधीश म्हणतील, भाजीचा भाव करताय का?"

"म्हणू देत. नक्की आकडा सरकारकडे आहे, आणि तो चूक आहे!"

न्यायाधीशांनी दोन्ही आकडे ऐकून घेतले आणि सरकारला विचारलं, ही मधली माणसं कुठे आहेत? एकेकाचा पत्ता द्या. पत्ते यायला लागले. काका लांबच्या एका केंद्रात निघाले. त्यांचे कागद पोचले नव्हते म्हणून सुईही नीट मिळत नव्हती. ती सुरू झाली आणि फोन करायची परवानगी मिळाली. काकूंनी तो फोन माझ्यासमोर उभं राहून घेतला.

"सुई घेतली का? जेवण? अहो, मोठ्याने बोला! इथे सगळ्यांना वाटलं तुम्ही सुटलात, आणि तुम्ही नुसते गावं बदलत फिरताय!"

पलीकडून हसू आलं, ते मलाही ऐकू आलं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने माझा एक कोपराही पुसला.

आता माझ्यावर सुटलेल्यांच्या दोन चौकटी असतात, 'हलवले' आणि 'घरी गेले'. काका अजून पहिल्या चौकटीत आहेत, खटला चालू आहे. "तिथून दुसऱ्या चौकटीत जाणारा बाण मीच काढणार, कोणी पेन लावायचा नाही," असं काकूंनी बजावलं आहे.

म्हातारपणी माझ्यावर ओरखडे उठलेत, निळा रंग आता पुरता निघत नाही. पण त्या दोन चौकटींमधली जागा ताई रोज पुसून स्वच्छ ठेवतात. कधी या खोलीत आलात तर माझ्यावर खुशाल लिहा, चुका, पुसा. तेवढ्या जागेवर मात्र काही लिहू नका.