तुटकीची शेपटी

रविवारी सकाळी केमिस्टबाई बाहेर पडली ती फक्त अंडी आणि साबण आणायला. परतताना पोपटवालीनं हाक मारली नसती, तर तोही रविवार नेहमीसारखा लोळण्यात गेला असता.

पोपटवाली म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानाची मालकीण. दारात टांगलेल्या पोपटामुळे तिला हे नाव पडलेलं, पण दोघांत जास्त बडबड कोणाची यावर गल्लीचं अजून एकमत झालेलं नव्हतं. अर्ध्या उघडलेल्या शटरखालून वाकून ती ओरडली, "काय हो मॅडम! घरात एवढी मोठी टाकी केलीत आणि आम्हाला बघायलासुद्धा बोलवत नाही!"

"कसली टाकी?"

"माशांची हो! तुमचे बाबा म्हणजे माझं हक्काचं गिऱ्हाईक. आत्ता उजाडता उजाडता शटर बडवलं आणि सहा मासे घेऊन गेले. मी म्हटलं, काका, एवढे मासे तळून खाता की काय? तर नुसते हसले."

केमिस्टबाईही हसली. आणि हसता हसता मध्येच थांबली. घरी माशांची टाकी नव्हतीच. सात महिन्यांची छोटी, तिची झबली आणि तिच्या दुधाच्या बाटल्या यांतून घरात पाय ठेवायला जागा उरत नव्हती, तिथे टाकी कुठून येणार?

"नेहमी येतात?"

"दर आठवड्याला नाही. पण आले की रविवारीच, आणि तेही असे भल्या पहाटे. चंदेरी, बोटाएवढे, सगळे एका मापाचे लागतात त्यांना. फार निवड करतात बाई! आता दोन वर्षं तरी झाली असतील."

पोपटवाली पुढेही काहीतरी बोलत होती. केमिस्टबाईच्या कानात ते शिरलंच नाही. अंड्यांची पिशवी तिनं तिथल्याच स्टुलावर ठेवली आणि नदीकडे जाणारी रिक्षा थांबवली.

माशांची टाकी होती ती तिच्या कामाच्या जागी; आता तिच्याबद्दल सांगायला हवं. नदीचं पाणी गाळून, त्यात क्लोरीन घालून सगळ्या शहराला पुरवायचं केंद्र नदीकाठी होतं, आणि केमिस्टबाई तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. पाणी किती गढूळ आहे, त्यात जंतू आहेत का, हे ती रोज तपासायची. पण वरच्या अंगाला कोणी नदीत विषारी काही ओतलं, तर ते ना गाळण्यानं जातं ना क्लोरीननं. ते शोधायचं यंत्र इथं नव्हतं. त्यासाठीचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत जायचे, तेही तीन महिन्यांतून एकदा. मधल्या काळात शहराची राखण करायचे ते सहा मासे. पंपघरातल्या काचेच्या टाकीतून नदीचं पाणी अखंड वाहत असे. नियम साधा होता: एका वेळी दोन मासे जरी उलटे झाले, तरी नदीचा व्हॉल्व्ह बंद, भोंगा चालू आणि नळ कोरडे.

चाचणी सोडली तर भोंगा दोन वर्षांत एकदाही वाजला नव्हता. केमिस्टबाईनं आपल्या अहवालात मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की टाकीतला एकही मासा दगावलेला नाही. साहेब त्यावर इतके खूश झाले, की बाहेरची महागडी तपासणी पुढच्या महिन्यापासून बंदच करायचं त्यांनी ठरवलं.

आणि मासे सांभाळायचे कोण? तिचे बाबा. जन्मभर पंपावर नोकरी केली, निवृत्त झाले, आणि माशांवर त्यांच्याएवढा जीव दुसरं कोणी लावत नाही म्हणून साहेबांनीच त्यांना परत बोलावून घेतलं. शनिवारची रात्रपाळी ते आपणहून मागून घ्यायचे, तरुण पोरांना सुट्टी मिळावी म्हणून. असा भला माणूस! प्रत्येक माशाला त्यांनी नाव दिलं होतं. सगळ्यांत लाडकी तुटकी, शेपटीचं वरचं टोक तुटलेली. केमिस्टबाई रोज आत शिरताना आधी तुटकी कुठे आहे ते बघायची आणि मगच कामाला लागायची.

पंपघराचं दार लोटलेलं होतं. बाबा खिडकीपाशी उजेडात बसले होते. समोर पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पाच चंदेरी मासे. सहावा त्यांच्या डाव्या तळहातावर, ओल्या फडक्यात अलगद धरलेला. उजव्या हातात नखं कापायची छोटी कात्री. बाबांनी श्वास रोखला आणि शेपटीचं वरचं टोक कचकन कापलं.

केमिस्टबाईची नजर खाली गेली. पायाशी बादली होती, तिच्यात सहा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. त्यांतल्या एकाची शेपटी तुटकी होती.

"बाबा!"

कात्री खाली पडली. एवढा उंचापुरा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. तरीही आधी त्यांनी हातातला मासा पिशवीत सोडला, आणि मगच उठून उभे राहिले.

"अगं, रागावू नकोस. चुकलं माझं."

"हे काय करताय तुम्ही? किती वेळा केलंत हे?"

"मोजलं नाही गं." त्यांनी मान खाली घातली. "पहिल्यांदा मेले तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून खायला जास्त पडलं. पाळी संपत आली की डोळे मिटायला लागतात, हात सैल पडतो. तुला सांगितलं असतं तर भोंगा, चौकशी, साहेबांची बोलणी. तुझी बढती अडली असती आपल्या बापाच्या गबाळेपणापायी. म्हटलं, गपचूप नवे आणून सोडावेत."

"पण भोंगा कशासाठी आहे बाबा? मासे मेले तर पाण्यात विष असू शकतं! तुम्हाला मी सांगायला हवं हे?"

"विष कसं असेल?" बाबांनी मान वर केली. आता त्यांच्या आवाजात थोडा हट्ट होता. "मी काय एवढा खुळा आहे? दर वेळी बघितलं मी. नवे सोडले की तासन् तास मजेत पोहतात. पाणी वाईट असतं तर तेही मेले नसते का? म्हणजे पाणी चांगलं, माझाच हात वाईट."

केमिस्टबाईला आता उलगडलं. विष काही नदीत मुक्काम करत नाही. लोंढा येतो आणि निघून जातो. पोपटवालीचं शटर बडवून बाबा परत येईपर्यंत तो शहराच्या नळांतून पार झालेला असणार.

"दर वेळी रविवारीच मरतात?"

"रविवारीच. शनिवारची रात्र माझी असते ना."

शनिवारची रात्र! प्रयोगशाळेला कुलूप, कार्यालय बंद, नदीवर चिटपाखरू नाही. वरच्या अंगाला कोणीतरी हे सगळं नीट ओळखून होतं. दोन वर्षं ते बिनधास्त ओतत होतं, आणि इकडे तिचा बाप स्वतःला दोष देत शेपट्या कापत बसला होता. तिला संताप आला, रडू आलं, आणि काय आधी करावं तेच कळेना.

"अहो, पण एकदा तरी शंका यायला हवी होती! एकदा तरी!"

"आली होती की." बाबा पटकन म्हणाले. "म्हणून तर मी दर सोमवारी फळ्यावर तुझा शेरा वाचायचो. पाणी पिण्यास योग्य, खाली तुझी सही. माझी लेक सांगते पाणी चांगलं आहे, मग मी कोण शंका घेणारा?"

 त्या एका शेऱ्यासाठी केमिस्टबाई काय बघायची? गढूळपणा, जंतू, क्लोरीन. आणि विषाच्या रकान्यात काय भरायची? टाकीत डोकावून, तुटकी पोहताना दिसली की "मासे सुस्थितीत".

बाबांचा तिच्यावर विश्वास आणि तिचा माशांवर. पाण्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

तिनं धावत जाऊन व्हॉल्व्हचं बटण दाबलं, मग भोंग्याचं. आजवर फक्त चाचणीला कुईकुई करणारा तो भोंगा असा काही केकाटला की खिडकीच्या काचा थरथरल्या. पंप एकेक करत थांबले. लगेच तिनं घरी फोन लावला.

"आई, नळ बंद कर! छोटीला नळाचं पाणी अजिबात देऊ नकोस!"

"अगं, काय झालं? आणि हा भोंगा कसला?" आई पलीकडून ओरडून बोलत होती. "दूध तर मघाशीच पाजलं मी. बाटली संपवून झोपलीसुद्धा बाई."

"पाणी कुठलं होतं? उकळलेलं?"

"उकळलेलंच. उकळल्यावर काय असतं त्यात?"

उकळून जंतू मरतात, विष जात नाही, हे आईला समजावत बसायला वेळ नव्हता. "तिला उठव. डॉक्टरांकडे घेऊन जा. आत्ता, लगेच. मी येतेच," एवढंच ती कशीबशी बोलली आणि फोन खाली घेतला.

वळून बघते तर बाबा बादलीपाशी उकिडवे बसलेले. त्यांनी मेलेली तुटकी ओंजळीत घेतली होती.

"म्हणजे..." ते हळूच म्हणाले, "हे माझ्या हातानं नव्हते मेले?"

"नाही बाबा."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला, ओठांवर हसू यायला लागलं. ते तिनं बघितलं, आणि त्यांना पुढचं कळू नये असं तिला जिवापासून वाटलं. पण जन्मभर पाण्यात काम केलेला माणूस तो. हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "मग छोटीच्या दुधातून इतके दिवस काय गेलं?"