बांध्या सात, बोडी एक

मुखरू देवीडाक्टरला गडचिरोली तहसिलातली कुत्रीसुद्धा ओळखत. खरं तर तो डाक्टर नव्हता. पोरांना देवीची लस टोचणारा सरकारी माणूस होता. पण सायकलला लशीची पेटी बांधून वीस वर्षं तो गावोगाव हिंडला होता. त्याची सायकल दिसली की आया आधी पोरं लपवत, आणि मग स्वतःच दंडाला धरून ओढून आणत. अशा माणसाला लोक डाक्टर म्हणणार नाहीत तर काय?

त्या वीस वर्षांत पोटाला चिमटा घेऊन त्यानं सतराशे पन्नास रुपये साठवले होते. नोकरी संपायला सहा वर्षं उरली होती. शेत नाही, मूलबाळ नाही, घर भाड्याचं. म्हातारपणी आपण नि बायको कमळानं कुणाच्या दारात बसायचं, हा घोर त्याला लागलेला. त्याच्याच गल्लीत गुणवंतराव हेडमास्तर राहत, पेन्शनीत गेलेले. ते कंपन्यांचे शेअर घेत, आणि कंपन्यांकडून नफ्याचा वाटा आला की ओसरीवर बसून सगळ्यांना कागद दाखवत.

छप्पन साली मुखरू त्यांच्याकडे गेला.

"मास्तर, मले एकच कंपनी सांगा. एक असली तं तिच्यावर नजर राह्यते."

"तिथंच लोक फसतात, मुखरूजी," गुणवंतराव म्हणाले. "सारं धान एकाच बांधीत लावता का? त्या बांधीले करपा लागला तं वर्षभर काय खान? आन पन्नास बांध्या केल्या तं बांध नीट करता करताच जीव जाईन. लहान माणसाले सहा-सात पुरे. सातातले दोन बुडाले तरी पाच तारून नेतात."

गोष्ट मुखरूला पटली. गुणवंतरावांनीच नावं काढून दिली: माजरीकडची एक कोळशाची खाण, वरोऱ्याजवळची चुनाभट्टी, धानोऱ्याची सॉ मिल, एक मोटार सर्व्हिस, एक राईस मिल, कवेलूचा, म्हणजे कौलांचा, कारखाना आणि तेंदूपत्त्याची कंपनी. प्रत्येकीत अडीचशे. सातांचा कारभार चांद्याची 'हरकारे आणि मंडळी' पाहत असे. "बरंच आहे," गुणवंतराव म्हणाले, "सातांसाठी एकच चक्कर." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांचा स्वतःचा पैसाही तिथंच होता.

दोन वर्षं वाटा वेळेवर आला. कमळानं ते सात कागद लुगड्यांच्या पेटीत ठेवले आणि वर लिंबाचा पाला घातला.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात वरोऱ्याकडे देवीची साथ आली, आणि मुखरूला दोन महिन्यांसाठी तिकडे पाठवलं. एका दुपारी रस्त्याच्या कडेला आपल्याच चुनाभट्टीची पाटी दिसली तेव्हा त्यानं सायकल वळवली. मालक म्हणून नाही. आपला पैसा कसा दिसतो ते एकदा बघावं म्हणून.

भट्टीतून धूर निघत नव्हता. त्यानं आत डोकावलं. आत सावलीला शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. भट्टीला यंदा चांगला नफा झाला, असं छापील पत्र त्याला आठच दिवसांपूर्वी आलं होतं.

बाहेर एक लारी उभी होती. दारावर ताज्या पिवळ्या रंगात भट्टीचं नाव होतं, पण त्या रंगाखालून निळी अक्षरं वर येत होती. मुखरूनं जवळ जाऊन वाचली. धानोऱ्याच्या सॉ मिलचं नाव. डावा दिवा तारेनं बांधलेला. हीच लारी त्यानं होळीच्या आधी धानोऱ्याला पाहिली होती.

लारीखालून ड्रायव्हर सरपटत बाहेर आला. पत्रू त्याचं नाव.

"काय पाहून राह्यले जी?"

"लारी कोनाची हाये, भाऊ?"

"जिथी जाते त्याची," पत्रू हसला. "नाव रंगवते, लारी तेच. आधी तीन होत्या. दोन विकल्या."

"आन भट्टी काऊन बंद?"

"कोळसा नाई."

"खान तं आपलीच हाये ना?"

पत्रूनं इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला. "खानीत पानी भरलं जी. नवा कोळसा निघत नाई. छत तोलून धराले कोळशाचे खांब सोडले होते ना, आता तेच खोदून राह्यले. खाली उतराले मानसं भेतात. रोजी दुप्पट सांगतात, मंग उतरतात."

"बाकीच्या कंपन्या?"

"सॉ मिल खानीच्या छताले टेकू द्याच्या थुन्या कापते. मोटार खानीचे मजूर वाहते. राईस मिल खानीले तांदूळ देते. साऱ्यायचे पैसे खानीकडं अडकले. माये बी. चार महिन्यापासून पगार नाई मले."

मुखरू सायकलवर बसला. बांध्या सात होत्या, पण सातांना पाणी एकाच बोडीचं, एकाच तळ्याचं होतं. आणि ती बोडी फुटत आली होती.

गडचिरोलीला परतल्यावर आधी तो गुणवंतरावांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला.

"लारीवाल्याच्या बोलण्यावर कुठी जाता, मुखरूजी?"

"मास्तर, भट्टीत शेळ्या बसल्या होत्या. म्या आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "म्या या गावात बावीस घरायले हे कागद घ्याले लावलं. तुमी बाहेर बोलले तं उद्या बावीसही लोक चांद्याले धावतील, आन जे उभं हाये तेही पडेल. एवढी दिवाळी जाऊ द्या. तोंडातून काढू नका."

मुखरू बाहेर कुठं बोलला नाही. मास्तरांची दया आली म्हणून, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण मनाच्या तळाशी दुसरंच होतं: गाव धावण्याआधी आपला पैसा निघाला पाहिजे.

साथीमुळं पावसाळाभर त्याला रजा मिळाली नाही, आणि पोळ्याच्या सुमाराला बातमी आली की खाणीचं छत बसलं आणि तिघं आत गाडले गेले. चौथ्या दिवशी मुखरूनं रजा टाकली, सात कागद धोतराच्या घडीत खोचले आणि मोटारीनं चांदा गाठलं.

हरकाऱ्यांच्या कचेरीत गादीवर एकच कारकून होता. भिंतीवर साती कंपन्यांच्या तसबिरी लावलेल्या, सातांना एकसारख्या चौकटी. शेअर विकायचे म्हटल्यावर कारकून कपाळाला आठी घालील असं मुखरूला वाटलं होतं. कारकून उलट हसला.

"नशीब काढलंत. घेणारं माणूस आजच आलंय. तुमचे साती कागद जसेच्या तसे त्यांच्या नावावर करून देतो. इथं सही करा."

मुखरूनं सही केली. खाली घेणाऱ्याच्या जागी अंगठा उठवलेला होता. शाई अजून ओली होती. त्याच्या वर कारकुनानं नाव लिहिलं होतं: सुकरी दसरू, राहणार मरेमटोला.

मरेमटोल्याला त्याची दर महिन्याला फेरी असे. दसरूला तो ओळखत होता. दोन वर्षांपूर्वी जंगल सोडून खाणीवर गेलेला, उंच, लाजरा माणूस.

"दसरू..." तो म्हणाला.

"गेला बिचारा खाणीच्या अपघातात," कारकून नोटा मोजता मोजता म्हणाला. "भरपाईचे अठराशे काल मिळाले बाईला. एवढा पैसा जंगलात नेऊन काय मडक्यात पुरणार? भाऊबंद खातील. म्हटलं, सात कंपन्यांत वाटून टाक, म्हणजे काळजी नाही. पन्नास वरखर्चाला ठेवले तिनं."

नोटा मुखरूच्या हातात आल्या. कोऱ्या होत्या. त्यानं त्या परत ठेवायला हवं होतं. पुढं आयुष्यभर त्याला ते कळत होतं, आणि त्या घडीलाही कळत होतं. पण हात कोटाच्या आतल्या खिशात गेला.

बाहेर पडवीत सुकरी बसली होती, मांडीवर धाकटी पोर. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. चांद्यासारख्या गावात तिच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं.

"डाक्टर! हे पाहा," तिनं कागद पुढं केले. कमळाच्या पेटीतल्या लिंबाच्या पाल्याचा वास अजून त्यांना होता. "मले वाचता येत नाई. बरे हायेत ना?"

सांगायला एक श्वास पुरला असता. कारकुनाचं गादीवरून लक्ष होतं.

"जपून ठेव," मुखरू म्हणाला, आणि मोटार गाठायची म्हणून भरभर निघाला.

त्या पैशांत त्यानं दोन खोल्यांचं कवेलूचं घर घेतलं. कागद कुणी घेतले असं कमळानं विचारलं, तेव्हा त्यानं खरं सांगितलं. कमळा चुलीपुढून उठली नाही. पण वास्तूच्या जेवणाला तिनं कुणाला बोलावू दिलं नाही.

संक्रांतीनंतर हरकाऱ्यांच्या कचेरीला कुलूप लागलं. आठ दिवसांत साती कंपन्या एकामागून एक बसल्या. गुणवंतरावांच्या ओसरीवर बावीस घरांची माणसं येऊन गेली. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच बसून राहिलं. एका सकाळी मास्तर कुणाला न सांगता बहिणीकडे वर्ध्याला निघून गेले. ते परत आले नाहीत.

मरेमटोल्याची फेरी मुखरूनं दोनदा टाळली. तिसऱ्यांदा टाळता येईना. शेजारच्या गावात देवी निघाली होती. पोरांना टोचून झालं, तशी सुकरी कागद घेऊन आली. ती वाळली होती.

"डाक्टर, एक बी पैसा नाई आला. यातला कोनता जित्ता हाये, सांगा."

एकही नव्हता. पण सात वेळा 'मेला' म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्यानं एका कागदावर बोट ठेवलं. "हा हाये. तेंदूपत्त्याची कंपनी. तुया वाटा मायाकडं आला." आणि खिशातून बारा रुपये काढून तिच्या हातावर ठेवले.

त्याला वाटलं, आता फेड सुरू झाली. दर फेरीला तो बारा रुपये नेऊ लागला. सुकरीनं कोंबड्या घेतल्या, पोरीला नवा कपडा आला, आणि मुखरूला रात्री झोप लागू लागली.

साठ साल उजाडायला महिना उरला होता. तो मरेमटोल्याला पोचला तेव्हा मोहाच्या झाडाखाली सुकरीसोबत सहा-सात माणसं बसली होती. वरच्या वस्तीतला लालसू होता, नदीपलीकडचा पोचू होता. पोरं सोबत नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर फडक्याची गाठोडी होती.

"डाक्टर," लालसू म्हणाला, "सुकरीच्या कंपनीचे कागद आमाले पन पाहिजे. म्या बैल विकला."

पोचूनं गाठोडी सोडली. चिल्लर आणि चुरगळलेल्या नोटा. "सारा एकाच कागदात टाकू, का सात घेऊ? तुमी सांगान तसं."

त्यांच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती. लस टोचताना ज्या भरवशावर ते पोरांचे दंड पुढं करत, त्याच भरवशावर आता गाठोडी पुढं आली होती. आणखी एक खोटं बोलायचं, तर हे घेऊन जावं लागणार होतं.

"कंपनी नाई," तो म्हणाला. "कवाच मेली. सातही मेल्या."

कुणाला कळेना. सुकरीनं विचारलं, "मंग ते बारा रुपये कोनाचे?"

"माये."

"काऊन?"

तेव्हा त्यानं सांगितलं. भट्टी, शेळ्या, लारी, खाणीतले खांब. कागद आपलेच होते हे सांगितलं. तिच्या नवऱ्याचे पैसे आपल्या खिशात गेले, आणि पडवीत ती विचारत होती तेव्हा आपल्याला सगळं ठाऊक होतं, हेही सांगितलं. सांगताना त्यानं मान वर केली नाही.

लालसूनं आपली गाठोडी उचलली आणि तो उठला. पोचू उठला. एकेक करून सगळे गेले. सुकरी उरली.

"खांब खोदून राह्यले, हे तुमाले उन्हाळ्यातच मालूम होतं?" तिनं विचारलं. "दसरू तवा जित्ता होता."

मुखरूनं पैशाचा हिशोब दीड वर्ष उलटासुलटा मांडला होता. हे मात्र त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. सुकरीनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती घरात गेली आणि तिनं कवाड लावून घेतलं.

पुढं दोन वर्षांत मुखरूनं घर विकलं आणि सतराशे पन्नास रुपये सुकरीच्या भावाच्या हाती पोचते केले. पैसे तिनं ठेवून घेतले, निरोप काही पाठवला नाही. मरेमटोल्यात पोरांना टोचायला आया आणतच; देवीची भीती त्याच्यावरच्या रागापेक्षा मोठी होती. पण तो येण्याआधीच त्या पोरांच्या बाह्या वर करून ठेवत, म्हणजे त्याच्याशी बोलावं लागू नये.