पैलवानाची सुई

मौला मुलाणीचा उजवा हात तुम्ही मोडलात, साहेब. जमावानं नाही, जिन्यावरून पडून नाही. तुम्ही. त्याची बाही स्वतः वर सारलीत, हात टेबलावर आडवा ठेवायला लावलात आणि फायबरच्या काठीनं मनगटाच्या वर मारत राहिलात. आवाज ठाण्याबाहेर बाकड्यावर बसलेल्या बायकांपर्यंत गेला. त्यातल्या एकीनं शेजारणीला विचारलं, आत लाकडं फोडत्यात काय ग?

त्याआधी तुम्ही टेबलावरची पाकिटं दाखवून त्याला विचारलं होतं, "ह्या सुया कुणाच्या?"

"पैलवानाच्या हायत्या, सायेब."

"कुठल्या तालमीचा?"

"तालमीचा न्हवं. आमच्या दुकानात असतोय."

"वजन किती त्याचं?"

खोटं सुचत नाही ही मौलाची जन्माची खोड. तो म्हणाला, "पयलं आठ किलो हुतं. आता चार बी भरंना."

तुमच्या मागचा शिपाई हसला. तुम्ही हसला नाहीत. मौलाच्या कानाखाली अशी बसली की तो खुर्चीसकट भिंतीला गेला. वर धर्मावरून जी शिवी दिलीत ती तुम्हाला पाठच आहे.

"मांजार हाय सायेब," मौला म्हणाला. "पैलवान म्हंजे आमचा बोका. त्याला शुगर हाय."

हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणाला. जितक्या वेळा म्हणाला तितकी काठी जोरात आली. खरं बोलणारा माणूस तुमच्या ठाण्यात थट्टा करणारा ठरतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता पैलवान कोण ते ऐका, त्या दिवशी ऐकलं नाहीत म्हणून.

मौलाच्या मटणाच्या दुकानामागं गटार आहे. त्यात हे पिल्लू सापडलं, डोळे न उघडलेलं. मौलानं ते खिशात घालून वर आणलं. छाटलेल्या चरबीवर आणि फुफ्फुसाच्या तुकड्यांवर ते असं पोसलं की मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो कळेना. मटण तोडायच्या ठोकळ्याच्या बाजूला पाय पसरून बसायचं, आल्या-गेल्या गिऱ्हाइकाकडं आखाड्यात उतरल्यासारखं बघायचं. गल्लीनंच नाव ठेवलं, पैलवान. शेजारची चिमणाबाई म्हशीची धार काढून आली की आधी त्याला सायीचं बोट चाटवायची.

मग पैलवान पाणी प्यायला लागला. बादलीत तोंड घालून बसायचा. मांस उतरलं, मागचे पाय टाचेवर टेकून बदकासारखा चालू लागला. एके सकाळी तो आपल्या जन्माच्या गटारात पडलेला सापडला, ओकून ओकून गळालेला, तोंडाला कुजक्या फळाचा वास. जनावरांच्या दवाखान्यातल्या राजनंदिनी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखर आहे, त्यात स्वादुपिंड सुजलंय, जगेल याची खात्री देत नाही. पायात सलाईन लावलं. मौलानं दुकान बंद केलं आणि पिंजऱ्यापुढं जमिनीवर बसून राहिला. गल्ली हसली. साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, मांजरं तरी कशी सुटतील, असं म्हणाली. हसली, पण दुकान उघडल्यावर पहिलं मटण न्यायला सगळी आली, पैलवान बघायचा होता म्हणून.

पैलवान जगला. पण सुई कायमची लागली, सकाळ-संध्याकाळ, इन्सुलिनची.

उभ्या आयुष्यात बकरं कापताना मौलाचा हात हलला नव्हता. पहिल्या सुईला हलला. बायको अफसाना म्हणाली, पाय धरते, दाबून ठेवू. मौला नको म्हणाला. धरून, दाबून काय करतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यानं वेगळी रीत बसवली. उकडलेली कोंबडी बशीत घालून आपल्या उजव्या गुडघ्यापाशी ठेवायची, पैलवानानं मान खाली घातली की खांद्याजवळचं सैल कातडं चिमटीत धरायचं आणि सुई घालायची. पैलवान खाता खाता वर बघतसुद्धा नसे. जो हात बकऱ्याच्या मानेवर फिरतो, त्याच हाताखाली हा बोका निवांत जेवायचा.

तोच हात, साहेब.

तालमीत आणि जिममध्ये पोरांना कसली कसली इंजेक्शनं विकली जातात, एक पोरगं त्यात गेलं, वरून तुमच्यावर जोर आला, म्हणून तुमचं पथक औषधांच्या दुकानांसमोर उभं होतं. ते काम बरोबरच होतं. पण विकणारे मोटारीतून येतात. तुम्हाला सापडला सायकलवाला. हँडलच्या एका बाजूला सुयांची पिशवी, दुसऱ्या बाजूला बर्फ घातलेला थर्मास, त्यात इन्सुलिनची बाटली.

त्यानं डॉक्टरांचा नंबर दिला. तुम्ही फोन लावलात, स्पीकर चालू केलात. विचारलंत, पैलवानाला सुया तुम्ही द्यायला सांगता का?

"हो," पलीकडून डॉक्टर म्हणाल्या. "दिवसातून दोनदा. चुकवू नका म्हणावं. कसा आहे आता पैलवान? काही त—"

तुम्ही फोन कापलात. मॅडमही सामील, म्हणालात. मग थर्मास आपटलात आणि बाटली बुटाखाली घेतलीत. खोलीभर दवाखान्याचा वास पसरला. मौला त्या ओल्या फरशीकडं बघत म्हणाला की सुईची वेळ झालीय, मला मारा पण कुणाला तरी घरी धाडा. तेव्हा तुम्ही त्याची बाही वर सारलीत.

दाराशी आकाराम हवालदार उभा होता. मौलाचं मटण खाऊन त्याची पोरं वाढली. पैलवानाला त्यानं स्वतः हाडं टाकली आहेत. त्याच्या तोंडून एक शब्द आला असता तर काठी थांबली असती. पण साहेबांचा हात चालू असला की आपलं तोंड बंद ठेवायचं, या शहाणपणावर त्याची नोकरी निभावलेली आहे. तो सकाळी बोलला. तुम्ही मौलाला सोडलंत आणि वर म्हणालात, आधी सांगायचं की मांजर आहे म्हणून.

घरी पैलवान पुन्हा ओकत पडला होता. पुन्हा सलाईन, पुन्हा पिंजरा. या वेळी पिंजऱ्यापुढं अफसाना बसली, कारण मौला दुसऱ्या दवाखान्यात हाडात पट्ट्या बसवून घेत होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, मूठ वळेलच असं नाही.

मौला आणि पैलवान दोघं परत आले. आता सुई अफसाना देते. तिला कातडं सापडत नाही, सुई मांसात जाते, पैलवान कोंबडी टाकून उसळतो. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आहेत. त्याचा एक चावा पिकला, तिला ताप आला, तरी तिनं वेळ चुकवली नाही. शेवटी मौलानंच ते केलं, जे त्याला करायचं नव्हतं. पैलवानाला खाली पाडून डाव्या कोपरानं मान दाबतो, गुडघा कमरेवर ठेवतो. बकरं धरतात तसं. मग अफसाना सुई घालते. पैलवान ओरडतो. गल्लीत आता त्या वेळेला कुणी हसत नाही. चिमणाबाई आपलं दार लावून घेते.

असं चाललेलं असताना परवा दारात टेम्पो थांबला. आकाराम उतरला, हातात दोर, दोराला बकरं. बकरं तुमचं, साहेब.

तुमच्या गावची म्हाई आहे, देवीच्या नावानं गावजेवणाचं मटण. तुमच्या आई, बायडाबाई, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मटणाला शिवत नाहीत. सुरीही मौलाच्या घरचीच लागते, त्याच्या आज्यापासूनचा तो मान आहे. तुम्ही दर वर्षी मोटारीनं गेलात आणि ताटावर बसलात. कापणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नाहीत. मौलापुढं उभं राहायला नको म्हणून आजूबाजूच्या दोन मुलाण्यांकडं आकाराम आधी जाऊन आला होता. दोघांच्याही सुऱ्या हरवल्या होत्या. एकाच दिवशी.

"मौलाभाई," आकाराम खाली बघत म्हणाला, "म्हातारीनं तुमचंच नाव घेतलंय. नुसती सुरी टेकवा. बाकीचं पोरं बघत्यात."

"कशानं टेकवू?"

"डाव्या हातानं..."

"डावा हात कशाला असतोय ते तुमास्नी ठावं न्हाय व्हय, हवालदार?"

आतून अफसाना आली, ओरखड्यांवर ओढणी न घेता. मौलानं प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही.

"म्हातारीला म्हणावं, बिस्मिल्ला तोंडात हाय. सुरी घरात हाय, धार लावून ठेवलीया. हात तेवढा सायबाकडं ऱ्हायलाय. घिऊन या, लगीच फिरवतो."

कापल्याशिवाय बकरं परत आणू नको, असं तुम्ही बजावलेलं. म्हणून आकारामनं दोर दुकानाच्या खांबाला बांधला आणि टेम्पोत बसला.

बकरं तिथंच आहे, साहेब. चिमणाबाई आपल्या म्हशीच्या वैरणीतली मूठभर त्याला टाकते. संध्याकाळी सुईची वेळ झाली की पैलवान टाचा घासत येतो. रोज मौलाच्या कोपराखाली दाबला जाऊनही तो अफसानाकडं जात नाही. मौलाच्या उजव्या गुडघ्यापाशी येऊन मान खाली घालतो आणि थांबतो. प्लॅस्टरच्या टोकाला बोटं दिसतात. ती हलत नाहीत.

गावात तुमची आई न जेवता बसली आहे. हात कधी आणून देताय?