प्रत्येक मोजणीत कुत्रा

मी देवळाली कॅम्पातला कुत्रा बोलतोय. जन्म बेकरीच्या भट्टीमागे, राखेत. भावंडं गाड्यांखाली गेली, मी उरलो. हल्ली मुक्काम मुस्तकीम उस्तादांच्या ओट्याखाली.

उस्ताद दर जुम्म्याला पोरींना कुराणाचा अर्थ शिकवतात. आधी मला ‘हट्’ करतात, मग आत जाऊन माझ्याच जातीची गोष्ट सांगतात. जुलमाला कंटाळून पळालेले काही तरुण गुहेत शेकडो वर्षं झोपले आणि त्यांचा कुत्रा उंबऱ्याशी पाय पसरून पडून राहिला. ऐकलं की माझं शेपूट आपोआप हलतं. खरंच होता का तो?

हेच माजिदानं विचारलं. टेलरची पोरगी, कॉलेजात जाते.

“उस्ताद, हे असंच घडलं, की समजावं म्हणून सांगितलेली गोष्ट आहे?”

उस्तादांचा आवाज चढला. म्हाताऱ्यांकडे उत्तर नसलं की आवाज असतो. “गोष्ट? न मानणारेही हेच म्हणायचे, जुन्या लोकांच्या दंतकथा!”

“ते त्याला खोटं म्हणायचे. मी गोष्ट म्हणाले. दोन्ही एकच का?”

“ऊठ! पुन्हा येऊ नकोस. तुझ्या अब्बांशी बोलतो मी.”

बोलले की संपलंच. अब्बा कॉलेजसुद्धा बंद करणार. चपला घालताना पोरगी ओट्याखाली वाकली. मला म्हणाली, “तुला तरी ठाऊक आहे का रे?”

मला कुठलं?

पुढच्या जुम्म्याला ती आलीच. ओट्यावर, खिडकीखाली बसली. आत नाझिया नावाची दुसरी पोर त्याच गुहेतल्यांचा अर्थ वाचत होती. कुणी म्हणेल तिघे होते, चौथा कुत्रा. कुणी म्हणेल पाच, सहावा कुत्रा. कुणी सात, आठवा कुत्रा. मी कान टवकारले. माणसांचा आकडा पक्का नाही, पण प्रत्येक मोजणीत आम्ही आहोतच की!

“पुढे वाच.”

“खरी संख्या रबला ठाऊक. बाकी फार थोड्यांना.” नाझिया थांबली. “उस्ताद, तुम्ही त्या थोड्यांतले?”

टोमणा होता की भाबडेपणा, कळलं नाही. मग उस्ताद दारात आले.

“माजिदा, आत ये. मला ठाऊक नाही. कुणी काय लिहून ठेवलंय ते मिळून बघू.”

“आणि अब्बा?”

“अजून बोललो नव्हतो. आता सांगेन, पोरगी विचारते, तिला शिकू द्या.”

एवढं बोलायला माणसाला अख्खं म्हातारपण लागतं!

आता माझे दात झिजलेत, मागचा पाय ओढतो. मला आत घेऊ नका, हरकत नाही. फक्त जुम्म्याला दार उघडं ठेवा. तो कुत्रा इतकी वर्षं काय खात होता, असं कुणी विचारलंच, तर मला ऐकायचंय.