गवतातला पाचवा खुंट

मे महिन्यात एका शनिवारी आम्ही सगळे नातेवाईक कबरस्तानात जमतो आणि कबरींवरचं गवत खरवडून काढतो. टेक्सासातल्या आमच्या काउंटीत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. यंदा मामा तिसऱ्यांदा म्हणाला, "शाळेसारखं हेपण अर्धवट टाकू नकोस, रेटा." माझं डोकंच सटकलं. कडेच्या रांगेत पडक्या कुंपणाचे खुंट होते. पाचच्या पाच उपटले, पालापाचोळ्याच्या आगीत फेकले, दाताळ्यानं माती सारखी केली.

मग कबरींची वही सांभाळणारे प्रुइटकाका आले.

"इथला खुंट कुठाय गं?"

"कुंपणाचे ना? जाळले."

"चार कुंपणाचे, बये! एक तुझ्या व्हर्लीमावशीच्या भावाचा!"

व्हर्लीमावशी म्हणजे माझ्या आईची मावशी. तिचा भाऊ दोन दिवसांचा होऊन गेला. दगड नाही, नाव नाही, कुठल्या सरकारी कागदावर नोंद नाही. काकांच्या वहीत फक्त 'शेवटची रांग, खुंट'. आणि जेवणानंतर त्याच रांगेतल्या मोकळ्या जागा नव्या लोकांना वाटायच्या होत्या. भावावर दुसरंच कुणीतरी पुरलं गेलं असतं.

मी दाताळं खाली टाकलं.

काकांनी लोखंडी सळई दिली. "खोदलेली माती मऊ लागते. टोच आता."

टोचलं. घुशींनी सगळीच माती मऊ करून ठेवलेली. तळहाताला फोड आले. मग एका जागी 'टिक्' वाजलं. बोटांनी उकरलं, तर तपकिरी काचेची बाटली, उलटी पुरलेली. वीतभर पुढे दुसरी. मग तिसरी. अकरा बाटल्यांचा इवलासा चौकोन, बाळाच्या कबरीची कड.

"तंबाखूच्या तपकिरीच्या बाटल्या आहेत," काका हसायलाच लागले. "तुझी पणजी दिवसभर चिमूट दाताखाली धरायची!"

तेवढ्यात मावशी जेवणासाठी भट्टीत भाजलेला गोड पीच पाय घेऊन आली आणि चौकोनापाशी मटकन बसली. "आईच्या बाटल्या! मी सात वर्षांची होते. एकेक मीच हातात देत होते. गवतानं गिळल्या, मी पण विसरले." मग वर बघून म्हणाली, "खुंट कुठाय?"

"मी जाळला, मावशी. रागात."

तिनं एका बाटलीवरची माती पुसली. "सुटले बाई. दरवर्षी धाकधूक, अजून उभा आहे की पडला. काचेला कोण उपटतंय? तुझा मात्र भरवसा नाही."

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली, पेन काढलं आणि लिहिलं, 'जागा भरलेली.' मी पहिल्यांदा धड श्वास घेतला.

मामा म्हणाला, "आता त्या बाटल्यांना हात लावू नकोस."

मी नुसती मान डोलावली. तोंडात पीच पाय होता.